हिरव्या लुगड्याची नोंद

पुंडलिकभाऊ,

तुम्हाला पोचवून नदीवरून परत येताना तिघांनी मला वेगवेगळं गाठलं आणि तिघेही एकच बोलले. माणूस कलावंत होता, पण बाटलीनं घात केला. तिसरे तर आमच्याच शाळेतले, रोज माझ्याबरोबर चहा घेणारे. ते म्हणाले, "कावीळ काय उगाच होते का मास्तर? लिव्हर गेलं असंन." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. अशी मान मी पूर्वीही एकदा हलवली आहे. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा, असा निरोप आला आहे. जन्म कुठला, शिक्षण किती, जळगाव जामोदला दुकान कधी टाकलं, हे सगळं त्यांना हवं आहे. ते कोणीही लिहील. मला दुसरं लिहायचं आहे आणि ते लिहावं की नाही, यात पंधरा दिवस गेले. आज कार्तिकातला रविवार आहे. एरवी या दिवशी सकाळीच तुमची सायकल आमच्या दारात आली असती आणि तुम्ही खालूनच ओरडला असता, "चाल बे मास्तर, ऊन निंगालं."

आपली ओळख माझ्या वडिलांमुळे झाली. मी बी.ए. झालो तेव्हा ते मला हाताला धरून तुमच्या दुकानात घेऊन आले. त्यांना स्वतःची सही येत नव्हती. ते म्हणाले, "आमच्या घरातला पयला बी.ए. हाये. याचा फोटो काढा, झगा घालून." तुमच्याकडे पदवीचा झगा नव्हता. तुम्ही समोरच्या वकिलांचा काळा कोट मागून आणलात, तो मला गुडघ्यापर्यंत आला, आणि मागे तुमचा तो तळ्याचा आणि दोन राजहंसांचा पडदा. फोटो आजही घरात आहे. वडील शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, हे कॉलेज आहे, मागचं तळं कॉलेजातलंच आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी शाळेत लागलो आणि त्याच कार्तिकात तुम्ही मला पहिल्यांदा सोबत नेलंत. दिवाळी झाली की लग्नाची तिथी लागेपर्यंत तुमच्या दुकानाला फारसं गिऱ्हाईक नसायचं. तेवढे चार-पाच रविवार तुम्ही पडदा गुंडाळून ठेवायचे आणि कॅमेरा घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला जायचे. कधी सोनाळ्याकडे, तर कधी सातपुडा सोडून एस.टी.नं पार धामणगाव बढ्यापर्यंत. मी विचारलं, मी येऊन काय करू? तुम्ही माझ्या हातात एक वही दिलीत. "तुह्यं अक्षर चांगलं हाये. मी फोटो काढतो, तू रंग लिही."

काम साधं होतं. रोल बारा फोटोंचा. प्रत्येक फोटोला एक आकडा आणि आकड्यापुढे समोरच्या गोष्टींचे रंग. फोटो काळापांढराच यायचा. मग घरी बसून काडीला कापूस गुंडाळून तुम्ही त्यात बाटल्यांमधले रंग भरायचे. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलंच होतं, रंग भरून मिळतील. मला वाटलं, महिन्याभरानं आठवावं म्हणून तुम्ही लिहून घेता. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

पहिल्या दिवशी मी जे लिहिलं त्याची आज लाज वाटते. नव्या पदवीचा तोरा होता. उंच वाळत चाललेल्या गवताच्या फोटोपुढे मी लिहिलं, "क्षितिजावर सुवर्णाची उधळण." तुम्ही वही डोळ्यांजवळ नेलीत, दोनदा वाचलीत.

"मास्तर, हे सुवर्णाची उधळण कोणत्या बाटलीत भेटते?"

"भाऊ, म्हणजे पिवळं."

"मंग पिवळं लिही न बे. बापानं शेत इकून शिकवलं काय तुले, पिवळ्याले पिवळं म्हणाची लाज वाटाले?"

शेत विकलं नव्हतं, पण उधळण मी खोडली. त्या दिवसापासून मी गवत पिवळं, आकाश निळं, माती काळी, असं लिहू लागलो. हे लिहिणं सोपं नाही हे मला तेव्हा कळलं. पिवळं म्हटल्यावर प्रश्न येतो, कसलं पिवळं? तुरीच्या फुलाचं की हळदीचं? तरवडाच्या फुलाचं की वाळल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानाचं? तुम्ही एकेक विचारत जायचे आणि मला परत जाऊन पाहावं लागायचं. कॉलेजात मी ऋतूंवरच्या कविता पाठ केल्या होत्या, पण गवताच्या तुऱ्याचा रंग पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या वहीसाठी. आज मी मुलांना निबंध शिकवतो तेव्हा एवढंच सांगतो की जे दिसतं त्याचं नाव लिहा. मुलांना वाटतं हे मी कॉलेजात शिकलो.

आपलं भांडण एकच होतं आणि ते दर वर्षी व्हायचं. मी म्हणायचो, भाऊ, आपल्याकडे कसला शरद? डोक्यावर ऊन तापतं, गवत वाळतं, नदीचं पाणी आटायला लागतं. फिरायचं तर श्रावणात फिरावं. सगळा डोंगर हिरवागार असतो. तुम्ही म्हणायचे, "श्रावणात काय पाहाचं? सारं एकच एक. चिखल अन् चिखल." मला हसू यायचं. हिरव्या डोंगराला चिखल म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. तुम्ही मला हाताला धरून उभं करायचे. "आता पाह्य. ऊन तिरपं झालं. गवताची काडी न् काडी सुटी झाली. झाड झाडापासून अलग झालं. सावली पाह्य कशी चाकूनं कापल्यासारखी. पावसानं हवा धुतली, अन् आता कोणी तरी पुसून राह्यलं." मग भिंगावर बसवायची ती पिवळी काच तुम्ही माझ्या डोळ्याला लावायचे. तिच्यातून आकाश गडद व्हायचं आणि एरवी न दिसणारा विरळ ढग पुढे यायचा. मी म्हणायचो, पण भाऊ, फोटोत रंग नाही तर अर्धं गेलं. तुम्ही म्हणायचे, "रंग वरून लावता येते. उजेड नाही लावता येत."

बोरं खाताना तुम्ही प्रत्येक बोर दाबून पाहायचे. मी चिडवायचो, भाऊ, डोळ्यांनी पिकलेलं दिसतं की. तुम्ही म्हणायचे, "दिसण्यावर भरोसा नाई ठेवाचा मास्तर, फोटोग्राफर सांगून राह्यला तुले." आपण दोघेही हसायचो.

मग चौथं वर्ष आलं.

सोनाळ्याच्या पुढे, डोंगराच्या अगदी खाली, एका शेतात एक बाई कापूस वेचत होती. आपण पाणी मागितलं, तिनं भाकर आणि ठेचाही दिला. तुम्ही म्हणालात, बाई, तुमचा एक फोटो काढतो. ती लाजली, मग म्हणाली, "या मळक्या लुगड्यावर नोका काढू भाऊ. थांबा, मी आलीच." आणि ती गावाकडे निघून गेली. गाव मैलभर तरी असेल. आपण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहिलो. रोलवर एकच फोटो उरला होता, बारावा, तो तुम्ही तिच्यासाठी राखलात.

समोर डोंगर होता आणि तीन वाजताचं ऊन. तो डोंगर मला तसा कधीच दिसला नव्हता. तुम्ही तीन वर्षं जे दाखवत होता ते त्या दिवशी मला तुम्ही न सांगता दिसलं. मी लिहायला लागलो. सागाची पानं, अंजनाची साल, उतारावरचं गवत, मधली काळी दगडी पट्टी. बाराव्या आकड्याखाली मी अर्धं पान भरलं. ती आली तेव्हाही मी लिहीतच होतो. भाऊबीजेला भावानं घेतलेलं कोरं लुगडं ती नेसून आली होती. तुम्ही तिला धुऱ्यावर उभं केलंत. तिनं विचारलं, "रंग येईन न भाऊ फोटोत?"

"येईन बाई. मास्तर लिहून घेऊन राह्यले."

ती माझ्याकडे पाहून हसली. मी मान हलवली आणि पुन्हा डोंगराकडे पाहिलं.

माघात ती तापानं गेली. तिचा भाऊ दुकानात आला आणि मोठा फोटो रंगवून हवा म्हणाला. तिचा तो एकच फोटो होता. तुम्ही वही काढली असेल. बाराव्या आकड्याखाली अर्धं पान डोंगर, आणि लुगड्याविषयी एक शब्द नाही. मला विचारायला माणूस पाठवता आला असता. पण ज्या बाईला समोर उभं करून आपण फोटो काढला, तिच्या लुगड्याचा रंग कोणता, हे कोणत्या तोंडानं विचारायचं? तुम्ही अंदाज केलात. बहुतेक बायका नेसतात तसं लाल.

तिचा भाऊ फोटो न्यायला आला तेव्हा मी दुकानात होतो. शाळेतून परस्पर आलो होतो. त्यानं कागद उलगडला आणि बराच वेळ पाहिलं.

"हे लुगडं कोनाचं हाये?"

तुम्ही म्हणालात, "काऊन, काय झालं?"

"मी तिले हिरवं घेतलं होतं. भाऊबीजेचं. थे नेसून फोटो काढला असं तिनं मले स्वता सांगितलं. फोटोत येईन म्हणे, दादा, तू घेतलेलं लुगडं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तिच्या हातची भाकर खाल्ली न तुमी? मंग तिच्या अंगावरचं हिरवं लुगडं तुमाले लाल दिसलं? डोये फुटले होते का पिऊन आलते?"

दुकानात आणखी दोघं बसलेले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

"हाव," तुम्ही म्हणालात. "घेतली होती थोडी. माफ करा. आठ दिवसांत दुसरा देतो."

मी तिथे स्टुलावर बसलो होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे, लिहायचं मी विसरलो. पण हे पिऊन भटकत होते तर मास्तरही सोबत होते, हे उद्या शाळेत कळेल, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी गप्प राहिलो. तुम्ही दारूला कधी शिवला नाहीत. तुमच्या गळ्यात माळ नव्हती, पण बोहल्यासमोर फोटो काढताना कोणी पेला पुढे केला तर तुम्ही हात जोडायचे. गावानं आठ दिवसांत तुम्हाला दारुडा केलं आणि तुम्ही त्याला करू दिलं.

त्या रात्री मला बोरं आठवली. दाबून पाहिलेलं प्रत्येक बोर. आणि चिखल म्हटलेला श्रावणातला डोंगर. मी अंथरुणावर उठून बसलो. तुम्हाला लाल आणि हिरवं वेगळं दिसतच नव्हतं. पाटीवर रंग भरून मिळतील असं लिहिलेल्या माणसाला हे कबूल करण्यापेक्षा दारुडा होणं परवडलं.

पुढच्या कार्तिकात तुम्ही आलात, जणू काहीच झालं नाही. मीही वही घेतली. पण मी भांडायचं सोडलं. श्रावणाचं नाव काढलं नाही, रंगाचं काढलं नाही, तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणत गेलो. दुपारी भाकर खाताना तुम्ही एकदम म्हणालात, "काऊन बे, भांडून नाई राह्यला आज?"

"तुमचं पटलं मला भाऊ."

"फुकटचा हरू नोको. मले कीव नाई पायजे." मग, खाली पाहत, "भांड न बे."

तुम्हाला कळलं होतं की मला कळलं आहे. त्यानंतर पाच वर्षं आपण श्रावणावरून आणि रंगावरून पुन्हा भांडलो, अगदी जोरजोरात, आणि दोघांनीही त्या एका गोष्टीला हात लावला नाही. बाई असो, बैल असो, सगळ्यांच्या अंगावरचं सगळं मी लिहीत गेलो, एकही जागा रिकामी सोडली नाही. तुम्ही वाचायचे आणि "बरोबर" म्हणायचे. माझी माफी मी त्या वह्यांत मागत होतो. पण तोंडानं मागितली नाही.

आश्विनात तुम्ही दवाखान्यात होता. मी शाळा सुटल्यावर यायचो. एके दिवशी तुम्ही वहिनींच्या पिशवीतला छोटा आरसा घेऊन खिडकीच्या उजेडात धरलात आणि बराच वेळ स्वतःचे डोळे पाहिलेत.

"मास्तर, डॉक्टर मले सांगून राह्यले डोये पिवळे झाले म्हणून. सांगाची गरज काय? पिवळं मले दिसते."

एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आठ-नऊ वर्षांत तुम्ही पहिल्यांदा दार उघडलं होतं, बोटभर. मी काय म्हणालो? "आराम करा भाऊ." तुम्ही आरसा खाली ठेवलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

दहाव्याला वहिनींनी मला पत्र्याची पेटी दिली. तिच्यात नऊ वह्या आणि ती पिवळी काच. मी सगळे फोटो आणि वह्या घरात जमिनीवर मांडल्या. नऊ कार्तिक. आकाश निळं, गवत पिवळं. आकाश निळं, तूर पिवळी. तरवड पिवळा, नदीत आकाश निळं. पानामागून पान तेच. मी लिहिताना मला ते कधी दिसलं नव्हतं. पावसाळाभर जे हिरवं आमच्या डोळ्यांना सुख देतं ते तुमच्यासाठी मातीसारखं पडून असायचं. मग दिवाळीच्या सुमारास डोंगर पिवळा व्हायला लागायचा, आकाश धुऊन निळं व्हायचं, आणि वर्षातले पाच-सहा आठवडे सगळं जग तुम्हाला दिसणाऱ्या रंगांत यायचं. म्हणून तुम्ही दुकान बंद करायचे. आणि मी दर वर्षी तुमच्याशी श्रावणासाठी भांडायचो.

हे लिहायचं तर तुम्ही झाकलेलं उघडं पडतं. न लिहायचं तर बाटलीनं घात केला हेच राहतं. मी वहिनींना विचारलं. त्या पाटावर बसून सुपात गहू निवडत होत्या.

"लगन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी यायनं मले सांगितलं," त्या म्हणाल्या. "मिरच्या तू आणत जाय म्हणे, मले कच्ची-पिकी समजत नाई. अन् कोणाले सांगू नोको, दुकान बसन." मग सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "या घरात दारूचा वास कसा असते थे कोणाले माईत नाई मास्तर. अन् बायका मले रस्त्यात थांबवून विचारत, मारते का वो तुले. पाच वर्सं आयकलं. आता दुकान बंदच हाये. बसाचं काय राह्यलं? लिहा."

लिहिण्याआधी मला एका माणसाला सांगायचं होतं. मागच्या रविवारी मी एस.टी.नं सोनाळ्याला गेलो. तिच्या भावाच्या घरी तुम्ही नंतर दिलेला फोटो भिंतीवर आहे, हिरव्या लुगड्यातला. मी त्याला सगळं सांगितलं, माझं अर्धं पान डोंगर आणि स्टुलावरचं गप्प बसणंही.

"तोंडाले वास नव्हता त्याच्या," तो म्हणाला. "थे मले तवाच समजलं होतं. पण रागात होतो. अन् माणूस स्वता हाव म्हणते, मंग मी नाई कसं म्हणू? मीच सांगितलं गावभर." मग त्यानं विचारलं, "मास्तर, मंग हा फोटो, हिरवा केलेला, त्याले कसा दिसला असंन?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तो उठला, आत गेला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. निघताना म्हणाला की बाजाराच्या दिवशी जळगावला येतो, वहिनींना भेटतो. "जे मी बोललो, थे मलेच पुसा लागन."

परतताना मी त्या धुऱ्यावर थांबलो. चौथी वही पिशवीत होती. कापूस फुटला होता, वेचणारं कोणी नव्हतं. डोंगर होता तसाच. मी पिवळी काच डोळ्याला लावली, आणि आकाश तुम्ही म्हणायचे तसं गडद झालं. मग वही उघडली. बाराव्या आकड्याखालचं अर्धं पान वाचलं. ते वाईट लिहिलेलं नाही, भाऊ. तुम्ही शिकवलेलं आहे. खाली थोडी जागा राहिली होती, तिथे मी लिहिलं.

आकाश निळं. गवत पिवळं. हे तुम्हाला दिसतंच आहे.

बाईचं लुगडं हिरवं.